अर्ध्या पिंटाचं माप

॥ श्री ॥
पोर्टलीश, ११ मार्च २०१८

ती. ताईस प्रल्हादचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानांनी दगा दिला म्हणून फोन बंद केलास, ते ठीक. पण पत्रातही माझ्या अक्षराला नावं ठेवायची म्हणजे फारच झालं. शहात्तराव्या वर्षी ते सुधारेल अशी आशा तू तरी का धरावीस?

इकडे आयर्लंडमध्ये मागच्या आठवड्यात बर्फाचं वादळ झालं. टॅक्सी येईना आणि डायलिसिस तर चुकवता येत नाही. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने मला ट्रॅक्टरवर बसवून नेलं. वाटेत तीनदा विचारलं की आर यू ग्रँड, म्हणजे ठीक आहात ना. मी तीनदा हो म्हणालो, दात वाजत असताना. पाइप गोठू नयेत म्हणून लोकांनी नळ रात्रंदिवस सोडून ठेवले आणि गावाच्या टाक्या तळाला गेल्या. चाळीस वर्षं रेल्वेच्या पाणीखात्यात घालवलेल्या माणसाला हे बघवत नाही.

आणि मला दिवसाला साडेआठशे मिली. चहा, आमटी, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं त्यात. बाहेर आठ-आठ दिवस पाऊस आणि आत माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. यामिनीने रेघा मारलेली प्लास्टिकची बाटली दिली आहे. लेक डॉक्टर असली की बापाला लहान बाळासारखं वागवते.

स्वरांगीने विचारलं, आजोबा, तुम्हाला पाणी मोजायची एवढी सवय कशी? मग तिला आपलं धोरासर सांगितलं. वाळवंटात रेल्वे टाकली आणि इंजिनाला तहान लागते म्हणून तिथे स्टेशन केलं, गाव त्याच्या मागून आलं. विहिरीला खारं पाणी. गोडं पाणी चाळीस मैलांवरून आठवड्यातून दोनदा पाणीगाडीने यायचं. आधी इंजिनाची टाकी भरायची आणि उरलेलं माणसांना, माणशी रोज सहा मापं. ते मोजून देणारा तुझा पणजोबा, म्हणजे माझे वडील अण्णा, असं सांगितलं. ते सगळं संपलं कसं, हे नाही सांगितलं.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले की उन्हाळाभर वजन ताब्यात ठेवलं, फुप्फुसात पाणी साठू दिलं नाही, तर सप्टेंबरात प्रवासाच्या कागदावर सही करीन. जळगावला डायलिसिसची सोय यामिनी करते आहे. म्हणजे नऊ नोव्हेंबरला, भाऊबीजेला, मी भुसावळला तुझ्या पाटावर. चार वर्षं तो पाट रिकामा आहे. यापुढे असा प्रवास होणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

तुझ्या ट्रंकेत अण्णांचं ते पितळी माप असेल तर पाठव. ह्या बाटलीने माझं समाधान होत नाही. माणसासाठी नाही, मापासाठी मागतो आहे.

लोभ आहेच, तो मात्र कुणी मोजू नये.

तुझा,
प्रल्हाद

॥ श्री ॥
भुसावळ, २ एप्रिल २०१८

चि. प्रल्हाद यास वीणाताईचे अनेक आशीर्वाद.

ट्रॅक्टरवर बसलेला तू डोळ्यांसमोर आलास आणि एकटीच हसत सुटले. प्रभा शेजारून धावत आली, तिला वाटलं म्हातारीला झालं काय.

माप पाठवते आहे. पुराणिकांचा नरेंद्र तुमच्याच तिकडे ब्लँचर्डस्टाउनला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो, तो सुट्टी संपवून निघाला आहे. चिंचेने घासून लख्ख केलंय. रेल्वेचा शिक्का आणि अर्धा पिंट ही अक्षरं अजून बोटाला लागतात. एका दुपारी पंपघरात अण्णांनी त्याच्या बुडाला डाख दिला होता, गळतंय म्हणाले. तेव्हा चिमटा मी धरला होता, म्हणून बोटावर हा डाग. माझ्याजवळ अण्णांची खूण म्हणून हा डाग आणि ते माप एवढंच होतं. आता डाग राहिला.

तू लिहितोस, माणसासाठी नाही. प्रल्हाद, त्रेसष्ट वर्षं झाली. त्या जूनमध्ये इंजिन पाण्यावाचून वाळूत उभं राहिलं, उतारू अकरा तास तळमळले, चौकशी झाली आणि टाकीत हिशेबापेक्षा पाणी कमी निघालं. अण्णांनी बाहेर विकलं असं ठरलं. पुरावा मिळाला नाही म्हणून नोकरी राहिली, पण बाबूचे खलाशी होऊन भुसावळला आले. मला ते कधी पटलं नाही. का, ते विचारू नकोस. मला नाही पटलं, बस.

ह्याच मापाने त्यांनी गावाला पाणी दिलं. आता तू त्याने स्वतःला दे. हाताला लागलं की कदाचित मनही थोडं निवेल.

पाट मी आतापासून पुसून ठेवला आहे. आशीर्वाद आहेतच, आणि थोडा रागही आहे.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
पोर्टलीश, ६ मे २०१८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नरेंद्र स्वतः बस बदलत आला आणि माप देऊन गेला. भला मुलगा आहे. तू दिलेल्या शेवया त्याने वाटेत खाल्ल्या नाहीत, म्हणजे फारच भला.

माप हातात घेतलं. शिक्का बघितला. यामिनीने गणित केलं, अर्धा पिंट म्हणजे दोनशे चौऱ्याऐंशी मिली, तीन मापं म्हणजे आठशे बावन्न. दोन मिली जास्त म्हणाली. मी म्हटलं दोन थेंब तळाशी ठेवत जाईन. इथे पबातसुद्धा पिंटच चालतो, त्यामुळे माप ह्या देशात अगदी घरचं झालं आहे. बाटली प्रेसमध्ये, म्हणजे इकडच्या भाषेत कपाटात, गेली. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. खरं सांगतो, प्लास्टिकच्या साडेआठशेपेक्षा ह्यातल्या पाण्याने तहान जास्त भागते. पितळेचा गुण असेल.

अण्णांबद्दल मात्र हट्ट धरू नकोस. धोरासरच्या शाळेत पाठीवर खडूने पाणीचोर लिहिलेलं घेऊन मी घरी आलो होतो, तू नाही. मी त्यांना सरळ विचारलं होतं, विकलंत का. त्यांनी मान खाली घातली. निर्दोष माणूस मान खाली घालतो का? त्यानंतर मी रेल्वेत तेच खातं मागून घेतलं आणि चाळीस वर्षांत एक बादली इकडची तिकडे होऊ दिली नाही. तो डाग मी धुतला, त्यांनी नाही.

असो. विषय नको. भाऊबीजेला जेवायला काय करणार ते कळव, मी त्यावर सहा महिने काढीन.

तुझ्या मायेतला वाटा असाच चालू दे.

प्रल्हाद

॥ श्री ॥
भुसावळ, ८ जून २०१८

चि. प्रल्हाद यास अनेक आशीर्वाद.

जेवायला काय, हे आधीच ठरलंय. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, आणि तुझ्यासाठी बिनमिठाचं काहीतरी, जे कुणालाच आवडणार नाही. आमटी नाही. आमटीत पाणी असतं, हे मी शिकले आहे. पाणी तुला वाटी-वाटीने मीच देईन. ते संपवून आणखी मागितलंस तर हातावर मारीन, पूर्वी मारायची तशी.

इथे नळ आठ दिवसांनी येतो. आला की गल्लीभर भांड्यांचा आवाज उठतो आणि तेवढा मला बहिरीलासुद्धा ऐकू येतो. पुढची खोली रंगवून घेतली. पलंग उंच करून घेतला, तुला वाकवत नाही म्हणून. प्रभा म्हणते, आजी, पाहुणा नोव्हेंबरात येणार आणि तुम्ही जूनमध्येच रांगोळी काढाल.

मला ऐंशीवं लागलं. तुला एकदा ओवाळलं की माझं मागणं संपलं. बाकी काही नको. ते मान खाली घालण्याचं वाचलं. तरीही मला पटलेलं नाही.

प्रकृतीला जप. माझा जीव तिकडेच आहे.

ताई

॥ श्री ॥
पोर्टलीश, १५ जुलै २०१८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुला खोटं वाटेल, पण आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला आहे. दीड महिना पाऊस नाही. गवत धोरासरसारखं पिवळं झालंय. बागेला पाइपने पाणी घालायला देशभर बंदी. समोरचा माणूस अंधार पडायला लागला की झारी घेऊन गुलाबाजवळ चोरासारखा जातो. मी खिडकीतून बघतो आणि मला आधी हसू येतं, मग येत नाही.

कारण इथे चोर मी ठरलो आहे. दर खेपेला काट्यावर उभा राहिलो की किलोभर जास्त. मशीन जास्त ओढतं, मग पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. नर्स मोरीन प्रेमळ आहे. म्हणते, सगळेच करतात हो, गुपचूप एखादा कप, त्यात काय. मी तिला सांगितलं, तीन मापं, एक थेंब जास्त नाही. ती यामिनीकडे बघून हसली. यामिनीने घरी येऊन न्हाणीघरातला पेला उचलून नेला. माझ्या लेकीने, ताई. बाप आंघोळीच्या नावाखाली पाणी पितो असं तिला वाटतं. स्वरांगी एकटी तिच्या इंग्रजीत आईला म्हणाली की आजोबा तसे नाहीत, तू उगाच बोलतेस. बाकी सगळे मला समजावतात. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परवा मोरीनसमोर माझी मान खाली गेली. राग आला की माणसाची मान खाली जाते, हे मला माहीत नव्हतं. क्षणभर अण्णा आठवले. पण त्यांनी केलं होतं, ताई. मी नाही.

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नोव्हेंबर विसरा. मी आता अडीच मापांवर आलो आहे. तहानेने रात्र सरत नाही. तरी मी पाटावर बसणार.

तू तरी विश्वास ठेव.

प्रल्हाद

॥ श्री ॥
भुसावळ, ४ ऑगस्ट २०१८

चि. प्रल्हाद यास अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. रागावू नकोस, पण विचारते. खरंच पीत नाहीस ना? लहानपणी पाणीगाडी आली की तू टाकीच्या गळक्या नळाखाली तोंड धरायचास आणि घरी येऊन नाही म्हणायचास. शर्ट ओला असायचा. तहान वाईट असते बाळा, ती माणसाला खोटं बोलायला लावते. पीत असशील तर मला सांग, यामिनीला कळवणार नाही. पण तीन महिन्यांसाठी सोड. मला तू इथे यायला हवा आहेस, त्यापुढे मला दुसरं काही दिसत नाही.

यामिनीला दोष देऊ नकोस. काट्याला ती काय सांगणार?

तुझं तोंड बघायला बसले आहे.

ताई

॥ श्री ॥
पोर्टलीश, ९ सप्टेंबर २०१८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. प्रभाला जवळ बसव.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इस्पितळात होतो. फुप्फुसात पाणी भरलं, श्वास मिळेना. आठ दिवस ठेवलं. हृदय आता पाव ताकदीने चालतं आहे. विमान नाही. नोव्हेंबरातही नाही आणि नंतरही नाही. डॉक्टरांनी हे माझ्या डोळ्यात बघून सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानले.

घरी आलो तेव्हा तुझं पत्र उशाशी होतं. वाचून संताप आला. तूसुद्धा! यामिनीला हाक मारली, म्हटलं प्रेसमधून तुझा मोजायचा जग काढ, आज सगळ्यांसमोर निकाल लावतो. स्वरांगीही आली. मी माप काठोकाठ भरलं आणि जगात ओतलं. पाणी दोनशे चौऱ्याऐंशीच्या रेघेवर थांबायला हवं होतं. ते वर गेलं. चारशेला टेकलं.

मी म्हटलं जग खोटा आहे. स्वयंपाकघरातला काटा मागवला. पाणी वजन केलं, चारशे ग्रॅम. पुन्हा भरलं, पुन्हा चारशे. यामिनीने माप उलटं केलं. मग मी आत बोट घातलं आणि हाताला ते लागलं.

तुला आठवतं ना, त्याला खाली दोन बोटं उंचीची पोकळ बैठक होती? शिक्क्याचं बूड त्या बैठकीच्या वर असायला हवं. ते कापून काढलंय, ताई, आणि नवं बूड बैठकीच्या तळाला बसवून डाख दिलाय. बाहेरून उंची तीच, शिक्का तोच. आत दोन बोटं जास्त. माझ्यासारख्या पाणीखात्यातल्या माणसाने चार महिने ते हातात धरलं आणि नुसता शिक्का वाचला. रेल्वेचा शिक्का असला की आपण आत बघत नाही.

ते माप गळत नव्हतं. तू चिमटा धरलास त्या दुपारपासून धोरासरच्या प्रत्येक माणसाला रोज सहा मापांच्या नावाने आठ मापांहून जास्त पाणी मिळत होतं. इंजिनाचं काढून. म्हणून टाकी कमी भरायची. अण्णांनी एक लोटाही विकला नाही. त्यांनी खरं सांगितलं असतं तर इंजिनाचं पाणी चोरलं म्हणून नोकरी आणि कदाचित तुरुंगही, आणि आपण पाच जणं रस्त्यावर. म्हणून मान खाली घातली आणि माप कोटाखाली लपवून घरी आणलं.

सोळाव्या वर्षी मी त्यांना म्हणालो होतो, तुमच्या हातचं पाणी पिणार नाही. पुढे तेरा वर्षं प्यायलो नाही. ते गेले तेव्हा मनमाडहून येता आलं असतं, मी ड्यूटी आहे असं सांगितलं. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी तू घातलंस. मी त्यांचा मुलगा होतो. हे कुणाला सांगू? धोरासरला आता स्टेशनही नाही, वाळू आहे. त्यांना पाणीचोर म्हणणाऱ्यांतलं कुणी उरलं नाही. मी एकटा उरलो होतो.

तू माप पाठवलंस ह्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मागितलं मी.

पुढच्या आठवड्यापासून डायलिसिस थांबवायला सांगितलं आहे. यामिनी रडली, पण तिला कळतं. आता पाण्यावर बंधन नाही म्हणे. अण्णांच्या मापाने पिणार आहे, काठोकाठ.

तुझ्या पाटाची क्षमा मागतो.

प्रल्हाद

पोर्टलीश, ७ ऑक्टोबर २०१८

प्रिय आत्या, सा. न.

फोनवर प्रभाताईंकडून तुला कळलंच आहे. बाबा २३ सप्टेंबरला गेले. तरी तुला लिहायचं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. माझं मराठी अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

थांबवल्यावर आठ दिवस मिळाले. पहिल्या दिवशी त्यांनी माप भरून मागितलं. मी भरलं. दोन्ही हातांनी धरलं, दोन घोट घेतले आणि म्हणाले की पुरे, आता जात नाही. चार वर्षं मी त्यांचं पाणी मोजलं, आत्या, आणि सोडलं तेव्हा त्यांना नको होतं. रोज सकाळी भरून ठेवायला सांगायचे. रोज तसंच राहायचं. संध्याकाळी स्वरांगी ते बाहेर कुंडीत ओतायची, कारण वाया गेलेलं त्यांना चालायचं नाही.

त्यांना मी चोर समजले. काट्यावर माझा विश्वास होता, बाबांवर नव्हता. मी डॉक्टर आहे आणि ते माप एकदासुद्धा जगात ओतून बघितलं नाही. सगळे म्हणतात स्वतःला दोष देऊ नकोस. तू तसं म्हणू नकोस, प्लीज.

शेवटी मी त्यातलंच पाणी चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. त्यांना समजलं की नाही, माहीत नाही. ओठ हलले नाहीत.

तुझं पत्र त्यांच्या नंतर दोन दिवसांनी आलं. त्यांच्या नावाचं होतं म्हणून उघडलं नाही. यासोबत परत पाठवते आहे. माप नरेंद्र डिसेंबरात घेऊन येईल.

माझ्यावर माया ठेव, जमेल तेवढी.

तुझी,
यामिनी

॥ श्री ॥
भुसावळ, ९ नोव्हेंबर २०१८

चि. सौ. यामिनी हिस अनेक आशीर्वाद.

दोष देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तू बघितलं नाहीस. मीही नाही, आणि चिमटा तर मी धरला होता. दोघींनी आपापला भाग उचलायचा.

तू परत पाठवलेलं पाकीट तसंच आहे, मी फोडलं नाही. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. मी तुझ्या बाबाला लिहिलं होतं की तुझ्यावर संशय घेतला, माझं चुकलं. एवढंच. ते त्याला वाचायला मिळालं नाही. अण्णांना मी न विचारता खरं मानलं आणि ह्याला विचारलं. तोच गेला.

त्याचं पत्र आल्यापासून एक आठवत राहतं. डाख दिला त्याच्या आदल्या दिवशी रूळ बदलणाऱ्या प्रताप पॉइंट्समनचं तान्हं गेलं होतं. उन्हाने गेलं असं सगळे म्हणाले. अण्णा पोचवायला गेले आणि परत येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दुपारी मला म्हणाले, ये, चिमटा धर. एवढं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. जोडल्या असत्या तर प्रल्हाद बापाशी बोलला असता. आणि आज इथे असता.

अण्णा निर्दोष होते, हे मला आयुष्यभर कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं. त्यासाठी भाऊ गेला. मला हे नको होतं. माप नरेंद्रबरोबर पाठवू नकोस. मला त्याच्याकडे बघता येणार नाही. स्वरांगीला दे, आणि त्यात काही भरू नका.

आज भाऊबीज. रंगवलेली खोली, उंच केलेला पलंग, पुसलेला पाट, सगळं आहे तसं आहे. प्रभा म्हणाली, आजी, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, चला गच्चीत. मी गेले नाही. मला चंद्र नको होता.

आज आठ दिवसांनी नळही आला. गल्लीत भांड्यांचा आवाज उठला, मलाही ऐकू आला. मी एकही भांडं भरलं नाही.

माया आहे. तू मोजू नकोस.

तुझी,
आत्या